दोन घोटांची साक्ष

मिशन रुग्णालय, पुरुष शस्त्रक्रिया विभाग
११ जून १९९६

प्रिय ताप्किगेन ताई,

चामगेई, नमस्कार. तुझ्या गुडघ्याची आणि गायींची विचारपूस आधी करावी, मग मुद्द्याला हात घालावा, अशी रीत आहे. ती पाळली असे समज.

तपासणीचा निकाल काल हाती आला. अन्ननलिकेच्या खालच्या भागात गाठ आहे आणि ती कर्करोगाची आहे. आपल्याकडे हा शब्द कोणी उच्चारत नाही, 'त्याला घशाचं झालंय' एवढेच म्हणतात आणि मग त्या माणसासाठी निराळा पेला ठेवतात. म्हणून तो शब्द मी स्वतःच लिहितो आहे. अर्थ लावण्याची घाई करू नकोस. गाठ भोवती पसरल्याचे दिसत नाही, आणि ती काढता येईल असे डॉक्टरांचे मत आहे.

डॉक्टरांचे नाव हॅलिडे. परदेशातून येऊन त्यांना तीन महिने झाले आहेत. वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे असतील. त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवली. रोगट अन्ननलिका काढून टाकायची, जठराला नळीचा आकार द्यायचा, ती नळी छातीतून वर ओढायची आणि मानेपाशी उरलेल्या टोकाला शिवायची. मी विचारले, यात सर्वांत भयाचे काय? त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले, मानेतला सांधा. दहांतल्या एकादोघांचा तो गळतो. जठराच्या वरच्या टोकाला रक्त कमी पोहोचते, म्हणून टाके धरत नाहीत. उत्तर स्पष्ट होते, त्यामुळे माणूस मला पटला.

गेले दोन महिने माझ्या गळ्याखाली दूध आणि पातळ पेज यांखेरीज काही उतरलेले नाही, हे तुझ्या चुलीवर जेवणाऱ्या माणसाने तुला सांगण्याची गरज नाही. माझी बायको एस्थर गेल्यापासून त्याच चुलीवर माझे पोट आहे. मला जगायचे आहे, आणि केवळ नळीने जगायचे नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट किम्येत हाताने मोडून, चार माणसांत बसून, पाण्याचा आधार न घेता गिळायचा आहे. शस्त्रक्रियेला मी याच अटीवर संमती दिली. डॉक्टर म्हणाले, अट मान्य आहे, हमी मात्र देता येत नाही.

शस्त्रक्रिया अठरा तारखेला, मंगळवारी. हे पत्र अराप रोनोच्या मटाटू गाडीने पाठवतो आहे. उत्तरही त्याच्याच हाती दे.

तुझा भाऊ,
एलायजा अराप तोनुई


सिगोर
१५ जून

किप्केमेई,

सगळं जग तुला अराप तोनुई म्हणतं, जज्जसाहेब म्हणतं. मी नाही म्हणणार. तुला पाठीवर बांधून मी नदीवर नेलंय.

पत्र वाचलं. मिशनच्या शाळेत चार वर्षं काढली त्याचा आज उपयोग झाला आणि आजच वाटलं की शिकले नसते तर बरं होतं. पण तू शब्द सरळ लिहिलास ते बरं केलंस. शेजारची आली होती विचारायला, 'भावाला घशाचं झालंय का गं?' मी म्हटलं, घशाचं नाही, कर्करोग झालाय, आणि तो काढणार आहेत, आणि तुझा पेला घेऊन जा. तोंड बघण्यासारखं झालं होतं तिचं.

एक कळलं नाही. पोट मानेत शिवणार. म्हणजे तुला भूक लागली की मान दुखणार का? आणि ढेकर आला तर कानातून येणार का? डॉक्टरला विचार. तू नाही विचारणार, तुला लाज वाटेल. तीस वर्षं तू लोकांना प्रश्न विचारलेस, पण असले साधे कधी विचारले नाहीस.

मी येणार आहे. 'येऊ नकोस' म्हणून लांबलचक पत्र लिहू नकोस, शाई वाया जाईल.

ताप्किगेन


मिशन रुग्णालय
२१ जून

प्रिय ताई,

अक्षर वाकडे आले आहे, त्यावरून प्रकृतीचा अंदाज करू नकोस. हाताला सुई टोचलेली आहे, एवढेच त्याचे कारण.

शस्त्रक्रियेला सहा तास लागले. माझ्या देहात सध्या पाच नळ्या आहेत. एक नाकातून गेलेली, दोन छातीत, एक मानेत आणि एक थेट आतड्यात. या शेवटच्या नळीतून थेंबथेंब अन्न मिळते. त्याला चव नाही आणि ते गिळावेही लागत नाही. मानेतल्या नळीतून जो स्राव येतो तो दिवसातून तीनदा पाहिला जातो. आतापर्यंत तो स्वच्छ आहे.

तुझा प्रश्न मी विचारला. डॉक्टर हसले आणि म्हणाले की भूक लागल्यावर मान दुखणार नाही, ढेकराबद्दल मात्र ते ठाम सांगू शकत नाहीत.

आता जे लिहितो ते नीट वाच. माझ्या पलंगाच्या पायथ्याशी फलक टांगलेला आहे: 'तोंडावाटे काहीही नाही.' तीन भाषांत लिहिले आहे, त्यांत आपलीही आहे. पाणी नाही, बर्फाचा खडाही नाही. मंगळवारी मला एक पांढरे औषध प्यायला लावून क्ष-किरणांखाली सांधा तपासतील. तो धरलेला दिसला तरच पहिला चमचा मिळेल. नियम मोडणाऱ्या नातेवाइकांना विभागात परत येऊ देत नाहीत. तेव्हा पुढच्या रविवारनंतर ये, आणि येताना काही आणू नकोस.

एलायजा


सिगोर
२४ जून

किप्केमेई,

काल घरी पोचायला दिवस मावळला. सोतिकच्या अलीकडे मटाटू चिखलात रुतला, आणि अराप रोनो आम्हा बायकांनाच ढकलायला सांगून स्वतः सिगारेट ओढत उभा. तुझं एखादं पत्र वाटेत असलं तर त्याच चिखलात असेल, मला अजून मिळालेलं नाही.

तुला पाहिलं. एवढासा झालायस. पण डोळे तुझेच आहेत. मी आत आले तेव्हा तू आधी घड्याळाकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे, तेव्हा मला धीर आला.

आणि मुर्सिक कसं होतं ते बोल. दुधाचा भोपळा मी स्वतः घासला. सेनेत्वेतच्या लाकडाचा निखारा आत फिरवून फिरवून एवढी पूड धरवली की दूध निळं-काळं उतरलं. सहा दिवस मुरवलं. ती चेप्कुरुई नर्स बाहेर गेली तेवढ्यात मी झाकण काढलं, आणि तू नुसत्या वासानेच मान इकडे वळवलीस. दोन घोट घेतलेस आणि डोळे मिटलेस. 'ताई, घर आलं,' म्हणालास. मला बाकी काही नको. ते नळीतलं पांढरं पाणी त्यांचं त्यांना लखलाभ. अंगात ताकद यायची ती आपल्याच दुधाने येणार.

लवकर बरा हो. तुझ्याशिवाय घरात भांडायला कोणी नाही.

ताप्किगेन


मिशन रुग्णालय
९ जुलै

प्रिय ताई,

अठरा दिवस माझे पत्र नव्हते. त्या काळात काय घडले ते क्रमाने लिहितो. त्यात माझ्या प्रतिष्ठेला धक्का लावणारा भाग आहे. तो मी गाळणार नाही.

तू रविवारी गेलीस. सोमवारी सकाळी मला ताप भरला आणि मानेतल्या नळीतून गढूळ स्राव येऊ लागला. त्यात काळे कण होते. डॉ. हॅलिडेंनी ते कण निरखून पाहिले. काळा रंग म्हणजे मेलेले मांस, असे त्यांचे अनुमान. वर ओढलेल्या जठराचा रक्तपुरवठा तुटला असेल तर ते आतल्या आत कुजू लागते. तसे असेल तर एकच उपाय उरतो. पोट आणि छाती पुन्हा उघडायची, कुजलेला भाग काढायचा, उरलेले जठर खाली परत ठेवायचे आणि अन्ननलिकेचे वरचे टोक मानेवर भोक पाडून बाहेर आणायचे. त्यानंतर लाळ मानेवरच्या पिशवीत गळत राहते आणि माणूस महिनोन्‌महिने नळीवर जगतो. जगला तर.

त्या वेळी चेप्कुरुई तिथे होती. आपल्या मुलखातली, गाई राखलेल्या घरातली मुलगी. ती डॉक्टरांना म्हणाली, "सर, मला हे आमच्या दुधातल्या कोळशासारखं दिसतंय." आणि माझ्याकडे वळून आपल्या भाषेत, "बाबा, तुम्ही मुर्सिक घेतलंत का?"

डॉक्टरांनीही विचारले, "काही प्यायलात का? पाण्याचा थेंबसुद्धा?"

मी म्हणालो, "मी काहीही प्यायलेलो नाही."

"चुकलं माझं, बाबा," चेप्कुरुई म्हणाली. तिची मान खाली गेली. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तिने पलंगाखाली भोपळा शोधला असता. माझ्या शब्दापुढे तिने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला.

हे उत्तर मी ग्लानीत दिले नाही, ताई. ते देण्यापूर्वी मी मनात रीतसर बचाव रचला होता. घरचे माणूस दारी आले की जे ओठाला लावले जाते ते स्वागत होय, पेय नव्हे. ते नाकारणे हा अपमान आहे आणि स्वीकारणे हा शिष्टाचार. प्रश्न पिण्याविषयी आहे, मी प्यायलो नाही, मी स्वागत स्वीकारले. असा युक्तिवाद माझ्यासमोर कोणी केला असता तर मी त्याला पहिल्याच वाक्याला थांबवले असते. स्वतःला मात्र मी शेवटपर्यंत बोलू दिले.

मंगळवारी ताप वाढला. क्ष-किरणांची तपासणी रद्द झाली. बुधवारी सकाळी शस्त्रक्रिया ठरली, ढकलगाडी दाराशी आली, आणि त्याच वेळी अराप रोनोने तुझे पत्र आणून दिले. मला अक्षरे दिसत नव्हती. आत नेण्यापूर्वी घरचे दोन शब्द कानावर पडावेत म्हणून मी ते चेप्कुरुईला वाचायला सांगितले.

चिखल, सिगारेट, माझे घड्याळाकडे पाहणे, इथवर तिने हसत वाचले. मग तिचा आवाज थांबला.

"बाबा, पुढचं तुम्ही वाचा."

"मला दिसत नाही."

"मग मी डॉक्टरांना वाचून दाखवते."

"पत्र खाजगी आहे," मी म्हणालो. शेवटची पळवाट.

"असेल. तुमची मान खाजगी नाही, बाबा. ती सोमवारपासून माझ्या ताब्यात आहे."

मी म्हणालो, डॉक्टरांना बोलाव, मीच सांगतो. ते हातमोजे घालूनच आले. मी सांगितले की सोमवारी मी खोटे बोललो, रविवारी दुपारी मी दोन घोट दूध प्यायलो, त्या दुधात कोळशाची पूड होती. एवढे बोलायला मला किती वेळ लागला ते ठाऊक नाही. चेप्कुरुईने नळीतला थेंब पांढऱ्या कापडावर घेऊन बोटाने चोळला. तो राखाडी पसरला आणि खाली कण करकरले. "मांस असं करकरत नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी गाडी परत पाठवली. पलंगावरच मानेचे टाके सोडले, जखम उघडून धुतली आणि दिवा लावून आत पाहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. "गुलाबी आहे," ते म्हणाले. "जठर जिवंत आहे. सांध्याला छोटे भोक आहे, तेवढेच." मग हातमोजे काढत, "तुमच्या न्यायालयात असा साक्षीदार आला असता तर काय केले असतेत?"

"कैदेत पाठवला असता."

"ठीक. तीन आठवडे, याच पलंगावर. तोंडावाटे काहीही नाही."

तेव्हापासून मानेची जखम उघडीच ठेवली आहे. तिच्यात कापड भरतात, दिवसातून काही वेळा बदलतात. लाळ तिकडून झिरपते. भोक आतून भरत आले की झिरपणे कमी होईल. पहिल्या दिवशी नऊ कापडे भिजली, काल सात. ताप गेला आहे. जीव वाचला, असे म्हणायला आता हरकत नाही. किम्येत मिळेल की नाही हे अजून ठरलेले नाही.

एलायजा


सिगोर
१३ जुलै

किप्केमेई,

पत्र तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी तिथेच अडकले. दूध मानेतून बाहेर आलं. मी दिलेलं दूध.

तू तुझं खोटं लिहिलंस, मग मीही माझं लिहिते. तुझं एकवीस तारखेचं पत्र मला शनिवारीच मिळालं होतं. रविवारी मी आले तेव्हा ते माझ्या पिशवीत होतं, भोपळ्याला चिकटून. फलकही वाचला. आपल्या भाषेतली ओळ तर वरच होती. चेप्कुरुई दाराशी मला म्हणाली, 'आई, तोंडाला काही लावायचं नाही हं.' मी म्हटलं, 'मला का कळत नाही?' आणि ती गेल्यावर झाकण काढलं. आणि घरी येऊन तुला लिहिलं की पत्र चिखलात अडकलंय.

का केलं विचारशील. मला वाटलं, परक्या देशातून आलेल्या पोराला आपल्या दुधाचं काय कळतं? ते पाणी पाणी करत बसलेत आणि माझा भाऊ वाळतोय.

टाका मीच तोडला. आता मी येणार नाही. चेप्कुरुईला तोंड दाखवायची माझी हिंमत नाही. गाई शेजारची पिळते. भोपळे मी आढ्याला उलटे टांगून ठेवलेत. तू बरा झालास की तुझ्या पोराकडे नाकुरूला जा, त्याच्या बायकोच्या हातचं खा. माझ्या हातचं नको.

ताप्किगेन


मिशन रुग्णालय
१८ जुलै

प्रिय ताई,

तुझे पत्र म्हणजे कबुलीजबाब आहे, आणि कबुलीजबाबावरच निकाल द्यायचा नाही हे मी पूर्वीपासून पाळत आलो आहे. कबूल करणारा पुष्कळदा स्वतःवर वाजवीपेक्षा जास्त घेतो. म्हणून पुरावा पाहिला.

तुझा आरोप असा की टाका तू तोडलास. चेप्कुरुईकडून मी तापाचा तक्ता वाचून घेतला. रविवारी सकाळी सहा वाजता, म्हणजे तू विभागात पाऊल ठेवण्याच्या सहा तास आधी, माझे अंग नेहमीपेक्षा गरम होते आणि नाडी वाढलेली होती. याने गळती आधीच सुरू झाली होती असे सिद्ध होत नाही. शस्त्रक्रियेनंतर अंग इतर कारणांनीही तापते. शक्यता बळावते, एवढेच मी म्हणतो.

यापेक्षा वजनदार गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. मी त्यांना सरळ विचारले, दोन घोट दुधाने टाका तुटतो का? त्यांनी मलाच विचारले, "दिवसभरात तुम्ही किती लाळ गिळता?" मला ठाऊक नव्हते. ती तुझ्या दोन घोटांच्या कितीतरी पट असते, ताई, आणि ती पहिल्या दिवसापासून त्याच सांध्यावरून जात होती. रक्त न पोहोचल्याने सांधा उसवला. दूध आले नसते तरी उसवला असता. दूध त्या भोकातून बाहेर पडले याचा अर्थच असा की भोक तिथे होते.

मात्र तुझी पूर्ण निर्दोष सुटका करता येत नाही. तू नियम वाचलास, समजलीस आणि मोडलास. दूध जखमेत गेले आणि तिथे त्याने पू वाढवला, हेही डॉक्टर नाकारत नाहीत. ताप जितका चढला तितका कदाचित चढला नसता. हा दोष तुझा आहे आणि तो मी तुझ्याकडेच ठेवतो. विभागात येण्याची बंदी मात्र तुला नाही, डॉक्टरांना मी विचारले आहे.

आता माझा. दुधाने मला मारले नसते. माझ्या उत्तराने मारले असते. जिवंत जठर मेलेले समजून ते काढायला निघाले होते, आणि त्यांना तसे समजू देणारा मी होतो. शिवाय मागच्या पत्रात स्वागत आणि शिष्टाचार यांविषयी जे लिहिले तेही पूर्ण खरे नाही. तुला नकार देणे मला सहज शक्य होते. तीस वर्षे मी लोकांना नकारच देत आलो. तू झाकण काढलेस तेव्हा मला रीत आठवली नाही, नियम आठवला नाही. मी घाबरलेलो होतो, पाच दिवस कोणाला तसे म्हणालो नव्हतो, आणि मला ते दूध हवे होते.

पत्र पिशवीत होते हे वाचून मला हसू आले. मान दुखली. हसण्याने मान दुखते, याची नोंद तुझ्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात कर.

काल चार कापडे भिजली, आज तीन.

एलायजा


सिगोर
२२ जुलै

किप्केमेई,

'पूर्ण निर्दोष सुटका करता येत नाही' हे वाचलं आणि त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली.

तू मला साफ निर्दोष ठरवलं असतंस ना, तर मला कळलं असतं की तू मरतोयस आणि जाता जाता माझं मन राखतोयस. आपल्या आईने शेवटी सगळ्यांना गोड गोड सांगितलं होतं, तेव्हाच मी ओळखलं होतं. तू माझ्या वाटणीचा दोष मोजून माझ्याकडे ठेवलास, म्हणजे तू जगणार आहेस. आणि जेवढा माझा आहे तेवढा मला पेलतो. सगळा पेलत नव्हता.

घाबरलो होतो, हे तू एवढं वाकडं वळण घेऊन का लिहितोस? मी आले तेव्हाच मला दिसलं होतं. म्हणून तर झाकण काढलं.

रविवारी येते. रिकाम्या हातांनी. दाराशी त्या पोरीला दोन्ही तळवे दाखवीन, पिशवी उलटी करून दाखवीन. तिने झडती घेतली तरी चालेल. अराप रोनो म्हणतो, 'ताई, पोलीस ठाण्यात चाललीस का दवाखान्यात?' मी म्हटलं, तू गाडी ढकलायला उतर, मग बोल.

ताप्किगेन


मिशन रुग्णालय
२ ऑगस्ट

प्रिय ताई,

रविवारी तू दाराशी तळवे पुढे केलेस आणि चेप्कुरुईने ते आपल्या हातात धरून कपाळाला लावले, हे मी पलंगावरून पाहिले.

बुधवारी तपासणी झाली. पांढरे औषध एका घोटात घ्यायला सांगितले. ते खडूच्या चिखलासारखे लागते. पडद्यावर ते मानेतून खाली गेले, सांध्यापाशी किंचित अडखळले आणि पुढे निघाले. बाहेर कुठेही पसरले नाही. डॉ. हॅलिडेंनी मला पुन्हा एकदा गिळायला लावले. मी त्यांना म्हणालो, "एकदा सिद्ध झालेले पुन्हा सिद्ध करायची गरज नसते." ते म्हणाले, "तुमच्या बाबतीत मी दोन साक्षी घेतो."

मग पाण्याचा चमचा. काल पातळ पेज, आज त्याहून दाट. मानेची जखम बाहेरून बंद होते आहे. तीन दिवसांत एकही कापड भिजलेले नाही.

काढलेल्या गाठीचा अहवालही आला. कापलेल्या कडा स्वच्छ आहेत. भोवतालच्या अकरा ग्रंथींपैकी एकीत रोग सापडला. डॉक्टर म्हणाले, ही बातमी चांगली आहे, पण ती शेवटची बातमी आहे असे त्यांना म्हणता येणार नाही. मी वचन मागितले नाही. मागितले असते आणि त्यांनी दिले असते, तर माझा त्यांच्यावरचा विश्वास कमी झाला असता.

पुढील शुक्रवारी, नऊ तारखेला, घरी पाठवतील. मी नाकुरूला जाणार नाही. घरी पाळायचे आहे ते असे. दिवसातून सहा वेळा खायचे, प्रत्येक वेळी थोडे. जेवताना पाणी नाही, ते नंतर. गोड चहा एकदम प्यायलो तर छाती धडधडते आणि घाम फुटतो, म्हणून तो घोटघोट. पोट आता छातीत असल्यामुळे सपाट झोपायचे नाही, खाल्लेले घशाशी येते, तेव्हा पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच हवी. सांधा भरताना आवळतो. घास अडकू लागला की इथे येऊन तो रबराच्या कांडीने रुंद करून घ्यावा लागेल, कदाचित एकदा, कदाचित पाच वेळा. तसे झाले तर घाबरायचे नाही, ते अपेक्षित आहे.

किम्येतला परवानगी आहे. दोन आठवड्यांनी, बोराएवढ्या घासाने, चावून चावून.

एलायजा


सिगोर
६ ऑगस्ट

किप्केमेई,

भोपळे आढ्यावरून खाली काढले. गाई मीच पिळते. शेजारची इतके दिवस पिळत होती, तिने तांबडीला बिघडवून ठेवलंय, लाथा मारायला लागलीय.

शुक्रवारी चाळीस माणसं यायची म्हणत होती, गाणी म्हणत, चर्चची बायकामंडळी सगळी. मी सांगितलं, आठ. तेही बसून, हळू आवाजात. एकाने विचारलं, त्याच्यासाठी वेगळा पेला ठेवायचा का? मी म्हटलं, सहा ठेव, तो सहा वेळा जेवतो.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. तुझं पत्र हातात धरून ठेवल्या. वीतभर लिहिलंयस, पण कुणाची वीत ते लिहिलं नाहीस. एवढा मोठा जज्ज आणि एवढी ढिलाई. मी माझी वीत धरली. मग वर झोपून बघितलं, घसरून पायथ्याशी आले, म्हणून पायथ्याला आडवी फळी ठोकून घेतली. तुला हसू येईल, पण मान सांभाळून हस.

आणि एक. इथे कोणी विचारलं की आज काय खाल्लं, किती खाल्लं, अडकलं का, तर खरं सांगायचं. अडकलं तर अडकलं म्हणायचं, लगेच, त्याच दिवशी, आणि आपण मटाटूत बसायचं. विचारणारी मीच असणार आहे. दिवसातून सहा वेळा.

ताप्किगेन